दिव्यांचं टेबल

आमच्या घरात एकच दिवा होता, आणि तोही अर्धा.

वडील आणि थोरले चुलते वेगळे झाले तेव्हा भरे गावातल्या आमच्या घराच्या मधोमध भिंत उठली. वीज चुलत्यांच्या नावावर होती. वडील खडी क्रशरवर, आई दुसऱ्यांच्या खाचरात भातलावणीला. नवीन कनेक्शन घेण्याची गोष्ट आमच्याकडे कोणी काढतही नसे. मग गवंड्याने भिंतीत वरच्या अंगाला एक वीट सोडली आणि त्या भोकात चाळीसचा बल्ब टांगला. अर्धा उजेड त्यांना, अर्धा आम्हाला. बटण मात्र त्यांच्या बाजूला.

माझी चुलत बहीण कुंदा माझ्याच वर्गात होती. तिचं पाठांतर संपलं की ती बटण दाबायची, आणि मी उघडं पुस्तक मांडीवर धरून तशीच बसायचे. रागाने काही बोलायला गेले की आई म्हणायची, "मागू नगंस. दिसतंय तवर वाच."

मी दिसतंय तोवर वाचलं. पिरंगुटच्या शाळेतून दहावी, मग रोज एसटीने पुण्याला जाऊन पदार्थविज्ञानात बी.एस्सी. आमच्या भावकीतली पहिली पदवी माझी. कुंदा बारावीला थांबली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं समजायचं तर माझा स्वभाव आधी कळलेला बरा. मला लहानपणापासून दुसऱ्याचा हेवा वाटतो, आणि तो मला बऱ्याचदा उपयोगी पडला आहे. एकदा मात्र त्याची झळ दुसऱ्याच बाईला लागली. ती हकीकत सांगायला म्हणून मी या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले.

१९९८ साली पदवी हातात आली. पिरंगुटच्या कारखान्यांच्या फाटकांवर अर्ज देऊन झाले. तेवढ्यात गावातच, ओढ्याच्या अलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, नगरकर सर नावाचे एक गृहस्थ पुण्याहून आले. मशीनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. ते जुनी खेळणी दुरुस्त करायचे. पत्र्याच्या मोटारी, आगगाड्या, चावीची माकडं, डोळे मिचकावणारे रोबोट. माणसं लांबून लांबून आणून द्यायची. सरांना वायरिंग जाणणारं कोणी तरी हवं होतं. मी पदवीचा कागद पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि हरभऱ्याएवढा एक दिवा माझ्या तळहातावर ठेवला.

"हा लाल करून दाखवा," म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा आहे. नव्हती.

लग्नाकार्यात कोणी विचारलं, "काय करता?" आणि मी म्हटलं, "दिवे रंगवते," की लोक पणत्या समजतात. म्हणून नीट सांगते. जुन्या खेळण्यांत बारके बारके रंगीत दिवे असत. बंबाच्या टपावर लाल, सिग्नलला हिरवा, पोलिसांच्या गाडीवर निळा. त्या मापाचे रंगीत दिवे आता मिळत नाहीत, साधे पांढरे मिळतात. ते आम्ही रंगवतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीतून गाळायची, तिच्यात रंग घालायचा. दिवा चिमट्यात उलटा धरून एकदाच बुडवायचा आणि सावकाश वर घ्यायचा. टोकाला थेंब लोंबतो; तो टीपकागदाने हळूच टिपायचा, नाहीतर तिथे काजळाची तीट लावल्यासारखा डाग राहतो. मग दिवा अगदी मंद पेटवायचा, म्हणजे लाख आतल्या उबेने सुकते. असे तीन पातळ हात. एकच जाड हात दिला की फोड येतात. मुळशीच्या दमट हवेत लाखेवर दुधाळ साय धरते, म्हणून एका खोक्यात साठचा बल्ब लावून आम्ही हे दिवे शेकत ठेवायचो.

खरी गोम वेगळीच आहे. विझलेल्या दिव्याचा रंग एक आणि पेटलेल्या दिव्याचा दुसरा. आतली तार पिवळी जळते. विझलेला असताना सुंदर दिसणारा निळा पेटला की मळकट हिरवा होतो. त्यात आधीच जांभळ्याची छटा घालून ठेवावी लागते. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता. खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. उत्तरेचा उजेड, दिवसभर एकसारखा. सर त्याला दिव्यांचं टेबल म्हणत, मी मनात माझं टेबल म्हणायचे. कोणता रंग, किती थेंब, किती हात, सगळं मी वहीत लिहून ठेवायचे.

गिऱ्हाइकं एकेक नग असत. एक निवृत्त दंतवैद्य हिरव्या डोळ्यांचा रोबोट घेऊन आले आणि डोळे लाल करा म्हणाले. मी दिव्याची पितळी टोपी सैल करून त्यांना दाखवली. टोपीखाली ऊन लागत नाही, तिथे मूळ रंग जसाच्या तसा राहतो. "बघा, डॉक्टर, मुळातच हिरवे आहेत."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "लाल डोळ्यांचा माझ्या भावाकडे होता."

साठी उलटलेला माणूस. मी मुकाट्याने लाल करून दिले. त्या दिवशी मला त्यांचं हसू आलं नाही.

मग हिरा आली. डोंगरावरच्या वाडीतली, माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठी, चौथीतून शाळा सुटलेली. हिरडे गोळा करणं आणि मिळेल ती मजुरी, यावर तिचं घर चालायचं. सरांनी तिला पत्रा धुवायला ठेवलं. महिनाभर ती मोरीवर बसून गंज घासत होती. एकदा मी बंबाचा लाल करत होते. पेटवला की गुलाबी दिसत होता. चार दिवे वाया गेले. मोरीवरून आवाज आला, "शालनताई, ह्यो तर डाळिंबाचा दाना झाला. बंबाला पांगाऱ्याचं फूल पायजे. वाईच पिवळं घाला की."

"तू पत्रा धू," मी म्हटलं.

सरांनी ऐकलं होतं. त्यांनी बाटलीत पिवळ्याचा एक थेंब टाकला, दिवा बुडवला, पेटवला. पांगारा फुलला.

मी ते प्रमाण माझ्या वहीत लिहून घेतलं, 'बंब, लाल'. हिराचं नाव लिहिलं नाही.

पुढची वर्षं मी तिच्या डोळ्यांवर जळत काढली. तिला थेंब मोजावे लागत नसत. बाटली उजेडात धरून म्हणायची, "ह्ये काटेसावर हाय, आपल्याला करवंद पायजे, अर्धं पिकल्यालं," आणि काडीच्या टोकावर रंग घ्यायची. तो बरोबरच निघायचा. मी सांगितलेली जांभळ्याची युक्ती तिने एकदा ऐकली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा चांगला निळा केला. गिऱ्हाइकं विचारायला लागली, "लाल कोणी केलाय?" सर हळूहळू लाल दिवे तिच्याकडे देऊ लागले, मग निळे, मग सगळेच. मला म्हणाले, "शालनताई, ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंग तुमच्याशिवाय कोणाला येतं? तुम्ही ते बघा." बोलणं गोड होतं. माझी खुर्ची मात्र खिडकीपासून आत सरकली; दिवे लावून बघायचं बटणांचं फळकूट तेवढं माझ्या टेबलावर राहिलं. एकासारखा एक दिवा रंगवणारी ती बाई मला मोरीवरच बरी वाटत होती. हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं.

अशात देशमुखबाई आल्या. अमरावतीकडच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुलगा हिंजवडीला नोकरीला, घर बावधनच्या नव्या सोसायटीत. त्यांनी चादरीत गुंडाळून पत्र्याचा चक्री पाळणा आणला होता. सोळा घोडे, प्रत्येक घोड्याच्या डोक्यावर एक दिवा, आठ लाल आणि आठ निळे, एकाआड एक.

"लाल दिव्याखालचा घोडा माझा, निळ्याखालचा धाकट्या बहिणीचा," बाई म्हणाल्या. "धाकटी अकोल्याहून येऊन राहिली माझ्याकडे. तिची तब्येत बरी नसते. ती असेपर्यंत हा फिरला पाहिजे."

आमच्याकडची बाकी सगळी खेळणी सेलवर चालणारी. हा पाळणा मात्र भिंतीतल्या विजेवर, ट्रान्सफॉर्मर लावून चालायचा. त्याची गुंडाळी जळलेली होती, ती मी नव्याने भरली. दिवे हिराकडे. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पाळणा नीट झाला की दिव्यांचं टेबल हिराबाईंच्या नावाने. पगारही तसाच."

दुपारी मी ट्रान्सफॉर्मर तपासायला मीटर लावला. भऱ्यात तेव्हा दुपारी शेतातले पंप सुरू असत, पलीकडे कारखाने. त्याने विजेचा दाब उतरायचा; मीटरवर काटा एकशेसत्तर व्होल्टवर. बावधनच्या नव्या सोसायटीत दोनशेतीस असणार, कदाचित वरच. इथे मंद पेटणारे दिवे तिथे भडकणार आणि लाख करपणार. हिशोब दोन ओळींचा होता. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा.

तेवढ्यात हिरा माझ्या टेबलाशी आली. "शालनताई, ह्ये दिवे वाईच मंद पेटत्यात का वो?"

मी मीटर बंद केला. "जुन्या खेळण्यांचे असेच असतात," म्हटलं.

"मंग ठीक हाय," म्हणाली आणि गेली. त्या मंद उजेडावर तिने सोळा दिव्यांचा रंग बेतला. तासभर पेटवून ठेवले, काही झालं नाही. होणारच नव्हतं.

मला देशमुखबाईंचं नुकसान करायचं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. दिवे थोडे काळवंडतील, सर म्हणतील, शालनशिवाय जमत नाही, आणि मी दुरुस्त करून देईन. एवढंच मनात होतं.

बावधनला आम्ही तिघं गेलो. चौथ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात धाकट्या बहिणीला उशा लावून बसवलं होतं. देशमुखबाईंनी बटण दाबलं. पाळणा फिरायला लागला, दिवे पेटले, आणि मी आजवर कधी पाहिले नव्हते इतके झगझगीत पेटले. दोघी म्हाताऱ्या मुलींसारख्या हसल्या. हिरा दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

दहा मिनिटांत वास आला. जत्रेत कासार लाखेच्या बांगड्या तापवतात तसा. लाल आधी कातासारखे झाले, मग त्यांना फोड आले. निळे काळे पडले.

"काय करून ठेवलं हे?" देशमुखबाई म्हणाल्या. "बंद करा ते."

"राहू दे, अक्का," धाकटी म्हणाली. "फिरले न आपले घोडे."

पण अक्कांनी बटण बंद केलं, पाळण्यावर चादर टाकली आणि आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. परत येताना सर गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाले, "हिराबाई, थर जाड झाला तुमचा." हिरा मागच्या सीटवर स्वतःच्या बोटांकडे बघत होती. मी पुढे बसले होते. चांदणी चौक ते भऱ्याचा फाटा, तेवढ्या वाटेत मला बोलता आलं असतं. मी बाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दिव्यांचं टेबल मला मिळालं. हिरा मोरीवर गेली. तीन दिवस तिने गंज घासला, चौथ्या दिवशी आली नाही. नंतरही आली नाही.

ज्यासाठी एवढं केलं ते टेबल मिळालं, आणि मला लाल जमेना. वहीतलं प्रमाण तेच, थेंब तेवढेच, पण लाख दर खेपेला निराळी असते, रंग निराळा असतो, आणि ते ओळखणारा डोळा वाडीवर जाऊन बसला होता. टेबलाच्या खणात एक काड्यापेटी सापडली. आत तिचे चाचणीचे चार दिवे, कापसात गुंडाळलेले. मी मनाशी म्हटलं, बघू तरी हिचा थर किती जाड होता. तिचा एक दिवा आणि तीन पातळ हात दिलेला माझा एक दिवा, दोन्ही शेजारी लावले आणि सेल जोडून बावधनच्या हिशोबाने पूर्ण दाब दिला.

दोन्ही करपले. माझा आधी करपला.

म्हणजे तिथे माझे दिवे असते तरी हेच झालं असतं. तिच्या हाताची चूक रतीभरही नव्हती. मी करपलेले दोन दिवे घेऊन सरांपुढे गेले आणि सगळं सांगितलं. मीटरचं, तिने विचारलेलं, मी दिलेलं उत्तर.

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून मी तो मीटर तुमच्या टेबलावर ठेवला होता," म्हणाले. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? वर जा."

वाडीवर जायला तासभराची चढण आहे. हिरा अंगणात हिरडे पसरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने हिरडे पसरायचं थांबवलं नाही.

"म्हंजी तुला ठाव हुतं," ती म्हणाली. आजवर ती मला अहोजाहो करायची. त्या दिवसापासून तिने ते सोडलं ते सोडलंच.

"हो."

"मी इचारलं तवाबी ठाव हुतं."

"हो."

"आन तितनं येताना गाडीत?"

मी मान डोलावली.

"धा दीस मी माझी बोटं बगत हुते, शालन. म्हनलं, हातच बिगाडला माझा. नवरा म्हनाला, म्हातारपन आलं व्हय गं तुला." तिने मूठभर हिरडे उचलले आणि पुन्हा खाली टाकले. "का केलंस?"

"टेबलासाठी."

"लाकडाच्या टेबलासाटी?"

"खिडकीजवळचं आहे ते," मी म्हटलं.

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आमच्या वाडीला आता कुटं लाईट आली. तुझ्याकडं लहानपनापास्नं हाय, तरी तुला खिडकी पायजे."

अर्धा दिवा होता, हे मी तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखी ती वेळ नव्हती.

"माफी नगं मला," ती म्हणाली. "त्यो मीटर वाचायला शिकव. मला कुनाला इचारायला लागू नये. आन ते बटनाचं फळकूट हाय ना तुझ्या टेबलावर, दिवे लावून बगायचं, ते माज्या टेबलावर पायजे. असलं तर येते. नसलं तर हितं लई काम पडलंय."

ती आली. मीटर वाचायला तिला दोन दिवस लागले. मला कॉलेजात आठवडा लागला होता, आणि हेही मला टोचलंच. खिडकीजवळच्या टेबलासकट फळकूट तिच्याकडे गेलं. तेव्हापासून मला एखादा दिवा पेटवून बघायचा असला की उठून तिच्या टेबलाशी जावं लागे. ती हातातलं काम संपवून मग बटण दाबायची. कधी कधी मुद्दाम उशीर करायची. मी थांबायचे.

देशमुखबाई मात्र पाळणा पुन्हा द्यायला तयार नव्हत्या. सरांनी फोन केला, मी चिठ्ठी लिहिली आणि चूक कोणाची ते त्यात स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं नाही. दोन दिवाळ्यांना आम्ही दोघी बावधनला जाऊन आलो. दोन्ही वेळा दारातूनच परत. तिसऱ्या खेपेला दार धाकट्या बहिणीने उघडलं, भिंतीला धरून.

"अक्का, ह्या बाया आल्या न पुन्हा."

अक्का आतून म्हणाल्या, "पाळणा घराबाहेर जाणार नाही. सांग त्यांना."

हिरा दारातूनच म्हणाली, "नगं जाऊ द्या. आमीच हितं येतो. तुमच्याच लाईटवर करतो."

ते मला सुचायला हवं होतं. माझ्या हिशोबाची निम्मी अडचण त्या एका वाक्यात सुटत होती.

मग आम्ही बाटल्या, चिमटे, टीपकागद, शेकायचं खोकं, सगळं पिशव्यांत भरून एसटीने बावधनला नेलं आणि देशमुखबाईंच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. मीटर हिराने लावला. "दोनशे बत्तीस," तिने मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तिथेच बदलली, म्हणजे दिव्यांना मोजकाच दाब मिळेल आणि लाख तापणार नाही. मग त्या उजेडावर रंग बेतायला घेतले. लालपेक्षा निळा माझ्या हाताला नेहमीच बरा, म्हणून निळे मी घेतले. हे हिराने ठरवलं. लाल तिचे. सहा दिवस गेले. देशमुखबाई पहिले दोन दिवस पलीकडच्या खोलीत बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आल्या आणि हिराच्या मागे उभ्या राहिल्या.

"अजून थोडा गडद होता," त्या म्हणाल्या. "पिकल्या बोरासारखा."

"बोर कच्चं लाल का सुकल्यालं लाल?" हिराने विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. "सुकत आलेलं," म्हणाल्या.

हिराने काडीच्या टोकावर रंग घेतला. मी माझ्या निळ्यात डोकं घालून बसले होते, पण कान तिकडेच होते. तिने दिवा पेटवला तेव्हा देशमुखबाई बहिणीला हाक मारायला गेल्या.

२०१० साली, मार्च महिन्यात, बावधनच्या त्या घरात चक्री पाळणा पूर्ण तासभर फिरला. धाकट्या बहिणीने तो शेवटपर्यंत पाहिला. सोळाही दिवे टिकले, एकही करपला नाही. आठ निळे माझे, आठ लाल हिराचे. लाल जास्त चांगले झालेत.